माझा टप आणि चार चिठ्ठ्या

मी एक गाडी बोलतेय. अजून डोक्यासकट बोलतेय हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. माझ्या जिवाला तो चांगला दोन महिने होता.

माझं वय विचारू नका. एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा मोठी माणसं टोपी घालूनच गाडीत बसत आणि बसल्यावर ती काढणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून आम्हा बहिणीबहिणींना उंच टप दिले गेले. पुढे माणसांनी टोप्या सोडल्या, आमचे टप तसेच राहिले. यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा.

माझे पहिले मालक डॉक्टर होते. त्यांची टोपी आधी आत यायची आणि मागून डॉक्टर. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात ते माझ्यात बसून डुलकी काढायचे. बाहेरून बघणाऱ्यांना वाटायचं, डॉक्टर केवढ्या विचारात पडलेत. मी कधी कोणाला खरं सांगितलं नाही. आपल्या माणसाचं आपणच झाकायचं असतं.

दुसरा मालक बँडमास्तर. त्याचा मोठा ढोल आत मावेना, म्हणून त्याने माझी मागची सीट उपटून काढली. मग त्याला वाटलं, गाडी बँडला शोभायला नको का? झालं! मला वांग्याचा रंग दिला, एका ट्रकचे दिवे बसवले आणि कुठल्याशा बोटीचा भोंगा आणून लावला. तो वाजला की रस्त्यातली माणसं अजूनही पाण्याच्या शोधात इकडेतिकडे बघतात.

तिसरे मालक म्हणजे आताच्या मालकाचे वडील. ते मला घरी घेऊन आले. मागची जागा रिकामी बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी एका बंद पडलेल्या थिएटरातून दोन घडीच्या खुर्च्या आणून तिथे ठोकल्या. त्यांच्यावर बारा आणि तेरा असे आकडे आहेत. मागे बसणारा प्रत्येक जण आधी आपला नंबर बघतो आणि मगच टेकतो. मालकाचे वडील जाऊन आता सात वर्षं झाली. फार मायाळू माणूस. माझा गिअर पडायचा नाही तेव्हा ते मला रागवत नसत, स्वतःलाच रागवत.

सांगायचं काय, तर मी ही अशी दहा ठिकाणचं जमवून झालेली बाई आहे. कोणी हात लावला म्हणून कुरकुर करणाऱ्यातली नाही. पण डोकं ते डोकं.

आताचा मालक घड्याळं दुरुस्त करतो. पन्नाशी उलटलीय. स्वभावाने गरीब, हात हलका, नजर अशी की केसाएवढा फरक पकडेल. खोट एकच, मनाला फार लावून घेतो. मागच्या वर्षी मोठ्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता. मालकाने मला पुसून पुसून इतकं चकचकीत केलं होतं की माझं मलाच लाजायला झालं. तेवढ्यात गळ्यात रेशमी रुमाल बांधलेला एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याची स्वतःची गाडी बुटकी, चपटी, कोणीतरी वर बसल्यासारखी. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ही गाडी आहे की कपाट?"

आजूबाजूचे सगळे हसले. मालकही हसला. पण घरी येताना त्याने एकदाही भोंगा वाजवला नाही, तेव्हाच मी ओळखलं की लागलंय. त्या दिवसापासून तो माझ्याकडे एक डोळा मिटून बघायला लागला. दुरुस्त न होणाऱ्या घड्याळाकडे तो असाच बघतो.

आता आईबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशी येऊन थांबते.

आई म्हणजे मालकाची आई. मीही तिला आईच म्हणते. वय ऐंशीच्या घरात. चार वर्षांपूर्वी ती स्टुलावरून पडली आणि तिच्या पाठीत सळई घालावी लागली. तेव्हापासून आई वाकत नाही. म्हणजे वाकूच शकत नाही. चालते ताठ, बसते ताठ, रागावते तर त्याहून ताठ. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची धाकटी बहीण राहते, तिला सगळे मावशी म्हणतात. मावशीचे पाय गेलेत, ती घराबाहेर पडत नाही. दर गुरुवारी मालक दुपारचं दुकान बंद ठेवतो आणि आईला माझ्यातून मावशीकडे नेतो. तिथे दोघी बहिणी तीन तास पत्ते खेळतात, दोघीही लबाडी करतात आणि दोघीही पकडल्या जातात. येताना आईचे गाल लाल झालेले असतात. आठवड्यातला तिचा तो एवढाच आनंद.

एका गुरुवारी माझं इंजिन रुसलं होतं, म्हणून शेजाऱ्याच्या नव्या बुटक्या गाडीतून आईला न्यायचं ठरलं. शिडी आत घालावी तशी त्यांनी तिला आडवी करून आत घातली. बाहेर काढायला तीन माणसं लागली. त्यानंतर आईने सांगितलं, जाईन तर हिच्यातूनच. माझं दार उंच, माझा टप उंच. आई पाठमोरी येते, सीटवर टेकते, पाय आत घेते आणि मान न झुकवता राणीसारखी बसते. तोवर मालक घराला कुलूप लावत असतो. तो येतो तेव्हा ती बसलेलीच असते. ती कशी बसते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. इथेच सगळी गफलत झाली.

मालकाचे मित्र तिघं. एक वेल्डर, आवाजाने घर हलवणारा. दुसरा शिंपी, पण कपड्यांचा नाही, गाड्यांच्या सीटा आणि आतलं छत शिवणारा. गळ्यात कायम टेप. आणि तिसरे सर. निवृत्त गणितशिक्षक, वय अडुसष्ट. वेल्डर हा सरांचाच जुना विद्यार्थी, आणि एवढा मोठा झाला तरी सर दिसले की त्याचा हात आपोआप पाठीमागे जातो. दर रविवारी सकाळी हे चौघं गॅरेजमध्ये जमायचे, माझ्या आजूबाजूला डबे उलटे टाकून बसायचे आणि आई चहा आणून द्यायची. या चौघांना ती 'पोरं' म्हणते. सरांनाही.

मेळाव्यानंतरच्या रविवारी मालकाने मनातलं बोलून दाखवलं. गाडीचा टप कापायचा.

हे काय असतं ते थोडक्यात सांगते. फार लांबवलं तर मलाच कसंतरी होतं. टपाला धरून ठेवणारे खांब असतात ना, त्यातला मधला तुकडा कापून काढायचा, टप खाली आणायचा आणि पुन्हा जोडून टाकायचा. खिडक्या बारीक होतात आणि गाडी सगळ्या जगावर डाफरल्यासारखी दिसते. याला म्हणे रुबाब म्हणतात.

कापायचा हे दोन मिनिटांत ठरलं. किती कापायचा, यात पाच रविवार गेले. वेल्डरचं म्हणणं, एकदा हात घातलाच आहे तर भरपूर कापू. शिंपी म्हणे, आतलं छत मी आपल्या हाताने शिवलंय, जेवढं कमी तेवढं बरं. मालक शेवटी जो बोलेल त्याला हो म्हणायचा. एका रविवारी तर वेल्डर आणि शिंपी इतके भांडले की एकमेकांच्या चहाचे कप बदलले गेले आणि दोघांनाही कळलं नाही.

आई कप उचलायला यायची तेव्हा तिच्या कानावर हे सगळं पडायचं. ती काही बोलायची नाही. फक्त जाता जाता माझ्या दाराच्या चौकटीला वर हात लावायची आणि बोटांनी मोजायची. तीन बोटं, चार बोटं, पुन्हा तीन. एकदा सगळे गेल्यावर ती माझ्या दाराशी थांबली.

"तुझं डोकं, माझी पाठ," ती म्हणाली. "पोरगा बापाच्या मागे पहिल्यांदाच एवढा हसतोय गं. कसं सांगू त्याला?"

मला काय उत्तर देता येणार? बोटीचा भोंगा असून उपयोग काय, तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

सहाव्या रविवारी सर उभे राहिले. ते उभे राहिले की बाकीचे आपोआप गप्प होतात. त्यांनी तोडगा काढला. चौघांनी चार चिठ्ठ्या लिहायच्या, मनात असेल तेवढा आकडा टाकायचा, आणि चारही आकड्यांची सरासरी काढायची. मतदान गुप्त, म्हणजे भांडण नको. आणि गुप्त म्हणजे अगदी गुप्त.

"फक्त आकडा लिहायचा," सर म्हणाले. "एककावरून माणूस ओळखू येतो."

त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. शिंपी इंचापुढे सूतही, म्हणजे इंचाचा आठवा भागही, लिहितो आणि वेल्डर 'इंच' लिहिताना हमखास दीर्घ 'ई' काढतो. पण हे बोलणारे कोण, तर सर! उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून चाळीस वर्षं पोरांचा अर्धा अर्धा गुण कापत आलेला माणूस. वेल्डरने मान वर करून त्यांच्याकडे बघितलंसुद्धा, पण हिंमत झाली नाही.

चिठ्ठ्या माझ्या बॉनेटवर ठेवून लिहिल्या, त्यामुळे ते गुप्त मतदान माझ्यापासून काही गुप्त राहिलं नाही. मालकाने तीन लिहिले. शिंप्याने दोन. वेल्डरने पाच लिहिले आणि कागद फाटेस्तोवर खाली रेघ ओढली. सरांनी सुबक अक्षरात लिहिले दहा.

दहा! माझ्या रेडिएटरातलं पाणी जागच्या जागी उकळलं. मग माझ्या लक्षात आलं. सरांच्या खिशात कायम शाळेतली लाकडी पट्टी असते आणि त्यांना तीच एक भाषा कळते, सेंटिमीटरची. त्यांच्या मनात दहा सेंटिमीटर होते, म्हणजे जेमतेम चार इंच. बाकी तिघांच्या मनात इंच होते. आणि कागदावर कोणाच्याच मनातलं काही उतरलं नव्हतं.

चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या, हलवल्या, उघडल्या. सरांनी बेरीज केली. वीस भागिले चार, पाच.

शिंप्याचा चेहरा उतरला. दहा लिहिणारा राक्षस कोण, म्हणून तो वेल्डरकडे बघत राहिला. वेल्डरला वाटलं, मालकच मनातून एवढा पेटलाय. मालकाला कोणावर संशय घेणं जमत नाही, म्हणून त्याला वाटलं की आपणच भित्रे. आणि सर चक्क हिरमुसले. ते म्हणाले, "पाचच? मला वाटलं होतं, थोडं जास्त येईल." हे ऐकून बाकीच्या तिघांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की म्हातारपणी माणसाचं असं होत असावं. पण मतदान गुप्त होतं ना, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही. ठराव झाला. पुढच्या रविवारी खुणा करायच्या, त्याच्या पुढच्या रविवारी कापायचं.

आई दारात कप घेऊन उभी होती. ती आत वळली, तेव्हा हाताची पाच बोटं पसरून त्यांच्याकडे बघत होती.

खुणांचा रविवार उजाडला. आमचं गॅरेज इतकं अरुंद आहे की माझ्या दोन्ही बाजूंना एक माणूस आडवा होऊन कसाबसा मावतो. या बाजूच्याला त्या बाजूचं दिसत नाही. त्यात, खिडकी बारीक झाल्यावर कशी दिसेल हे बघायला त्यांनी माझ्या काचांवर जुने कागद चिकटवले होते. डोळे बांधून मला उभी केली म्हणा ना. मालकाच्या बाजूला मालक आणि सर. आईच्या बाजूला वेल्डर आणि शिंपी. बोलणं सगळं टपावरून.

सरांनी खिशातून पट्टी काढली आणि चौकटीच्या वरच्या कडेपासून खाली पाच सेंटिमीटरवर खूण केली. मालकाने ती बघून सुस्कारा टाकला. पाच म्हणजे एवढंच, हे बघून त्याला हायसं वाटलं. तो टपावरून ओरडला, "पाच काही फार नाही वाटत रे!"

पलीकडे शिंपी पाच इंचांवर खूण करून तिच्याकडे पाणावल्या डोळ्यांनी बघत होता. वेल्डर ओरडला, "तुझं काळीज मोठं आहे बाबा!"

मग शिंप्याने लाल दोरा काढला आणि अर्धा टपावरून पलीकडे दिला. ज्याने त्याने आपल्या बाजूच्या दारात, खुणेच्या उंचीवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधला. कल्पना सरांची. दोरा म्हणजेच नवीन टप समजायचं, आठवडाभर गाडीत चढता-उतरताना दोऱ्याला डोकं लावायचं नाही, म्हणजे कापण्याआधीच सवय होईल. सगळ्यांना ती फार आवडली. चौघंही एकेकदा आपापल्या बाजूने काळोखात आत जाऊन आले, वाकून, एकमेकांचं कौतुक करत. आईला चहाच्या वेळी नियम समजावून सांगितला. तिने मान डोलावली. तिची मान तेवढी डोलते.

माझी अवस्था काय विचारता! या बाजूला दोन इंच, त्या बाजूला पाच. कापलं असतं, तर टप एका कानावर ओढलेल्या टोपीसारखा बसला असता, आणि मी जन्मभर कोणालातरी डोळा मारत हिंडले असते. या वयात!

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवार आला.

मालकाने काचांवरचे कागद काढले, मला समोरून ढकलत गॅरेजबाहेर काढलं आणि घराला कुलूप लावायला गेला. चष्मा आत राहिला म्हणून परत गेला. आई माझ्या दाराशी आली. दार उघडलं. समोर लाल दोरा.

आधी ती नेहमीसारखी पाठमोरी आली. अंबाडा दोऱ्याला टेकला, तशी ती थांबली, कारण पोरांनी सांगितलं होतं ना, दोऱ्याला डोकं लावायचं नाही. मग ती समोरून आली. मग आडवी झाली, एक पाय आत, एक बाहेर, आणि तशीच उभी राहिली. मग पाय बाहेर काढला. पदर नीट केला. अंबाडा सोडला, केस मानेवर खाली बांधले आणि पुन्हा पाठमोरी आली. आता डोकंच अडलं. अगं, तोड की तो दोरा! दोन पैशाचा दोरा तो! मला ओरडावंसं वाटत होतं. पण तिने तो तोडला नाही. पोराचा नवीन टप होता तो.

मालक चष्मा पुसत आला, तेव्हा ती बाहेरच उभी होती. केस सुटलेले, चेहरा लाल.

"आज राहू दे," ती म्हणाली. "मावशीला फोन करून सांग. नाहीतरी ती पत्त्यांत लबाडीच करते."

मालक म्हणाला, अगं, पाच तर आहे, एवढंसं, बघ, मी बसतो की. आणि तो आपल्या बाजूने आत बसला. सहज बसला. मग तिला हात द्यायला म्हणून त्याने मान वळवली आणि तसाच थांबला. माझ्या आत बसून त्याला पहिल्यांदाच दोन्ही दोरे एका वेळी दिसत होते. केसाएवढा फरक पकडणारी नजर ती, आणि इथे तर चांगला चार बोटांचा फरक होता. त्याने एकदा आपल्या डोक्यावरच्या दोऱ्याकडे बघितलं, एकदा आईच्या कपाळासमोरच्या. मग त्याला आईचे सुटलेले केस दिसले. ती गेली चार वर्षं माझ्यात कशी बसत होती, हे त्याला त्या एका क्षणात कळलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

अर्ध्या तासात सगळी मंडळी अंगणात हजर. शिंपी सुईसकट आला. बिस्किटांचा डबा उघडला, चिठ्ठ्या माझ्या बॉनेटवर मांडल्या. वेल्डर म्हणाला, हे दहा लिहिणारा आधी पुढे येऊ दे. सर बुटांकडे बघत एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, "मी लिहिले. सेंटिमीटर."

आणि मग वेल्डर, ज्याला उभ्या आयुष्यात सरांसमोर बोलायची छाती झाली नव्हती, तो हात पाठीमागे ठेवूनच हळूच म्हणाला, "सर, एकक?"

सरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, काप अर्धा गुण. वेल्डरला एवढं भरून आलं की तो गॅरेजमागे जाऊन नाक शिंकरून आला.

पण वेल्डर तो वेल्डर. परत आल्याबरोबर त्याने हिशेब मांडला, दहाचे चार धरले तर बेरीज चौदा, सरासरी साडेतीन, चला, साडेतीनवर दोरा बांधू. तेव्हा मालक म्हणाला, थांबा. आणि आईकडे वळून त्याने ते विचारलं, जे दोन महिन्यांत कोणालाही विचारायचं सुचलं नव्हतं. "आई, तू सांग. किती कापलं तर तुला बसता येईल?"

आई म्हणाली, बघू या की. शिंप्याने साडेतीनवर दोरा बांधला. नाही जमलं. दोनवर बांधला. कपाळ सुटलं, पण टाळू अडली. दीडवर बांधला. नाही. चौघं पुरुष श्वास रोखून एका म्हातारीचं डोकं आणि एक दोरा बघत उभे होते. एक इंचावर बांधला. आईने केस आणखी चापून बसवले, डोळे मिटले, हनुवटी छातीला लावायचा प्रयत्न केला, ओठ दाबले आणि कशीबशी आत गेली. घामाघूम झाली होती. पण हसली.

"एक इंच कापा," ती म्हणाली. "एवढं जमेल मला."

मालक तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने शिंप्याच्या खिशातली कात्री ओढली आणि दोरा कापला. कच्च! दोन्ही टोकं खाली लोंबायला लागली.

"झालं कापून," तो म्हणाला.

खरं सांगते, माझ्या वायपरांत पाणी नसतं, नाहीतर ते तेव्हाच आपोआप सुरू झाले असते.

वेल्डरचं ग्राइंडर पिशवीतच राहिलं होतं, तो पिशवीकडे लहान मुलासारखा बघत होता. शेवटी शिंप्याने विचारलं, मग त्या रुमालवाल्याचं काय? तो पुन्हा कपाटच म्हणणार. यावर आई आतून म्हणाली, "वरून खाली आणण्यापेक्षा गाडीच खाली बसवा की रे. माझा पाय तरी नीट पोहोचेल."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गणिताचे सर, सीटांचा शिंपी, लोखंडाचा वेल्डर, घड्याळांचा मालक, आणि दोन महिन्यांत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. खालचे स्प्रिंगांचे पाटे बदलायचे, म्हणजे टपाला हात न लावता मी सगळीच्या सगळी खाली येते. किती खाली, यावर पुन्हा मतदान झालं. चिठ्ठ्या पाच होत्या, पाचवी आईची. प्रत्येक चिठ्ठीवर आकडा, त्यापुढे एकक आणि एककाखाली दोन रेघा. सरांनी तर सहीसुद्धा केली. आता हे कसलं गुप्त मतदान! पण कोणी भांडलं नाही. तीन इंच ठरले आणि वेल्डरला मनसोक्त ठिणग्या उडवायला मिळाल्या, फक्त त्या माझ्या पोटाखाली. त्याचं काय मेलं, त्याला आवाज झाला की पुरे.

आता मी तीन इंच बुटकी आहे. तक्रार करू नये, पण करते. रस्त्यात गतिरोधक आला की माझ्या पोटाला खरचटतं. मांजरं पूर्वी माझ्याखाली ऐटीत झोपायची, आता अंग चोरून शिरतात आणि माझ्याकडे रागाने बघतात. डोकं वाचलं, पोट सोलवटलं. पण आईला आता पाय उचलावा लागत नाही. येते, टेकते, वळते, बसली. मालक कुलूप नंतर लावतो. आधी दाराशी उभा राहून ती बसेपर्यंत बघतो. तिला ते आवडत नाही, ती म्हणते, मी काय पळून जाणार आहे? तरी तो उभा राहतो.

यंदाच्या मेळाव्याला आम्ही सगळे गेलो. आई पुढे, सर बारा नंबरवर, शिंपी तेरावर, आणि वेल्डर चालत, कारण त्याच्या वजनाने माझं पोट जमिनीला टेकत होतं. मैदानात उभी राहिले नाही तोच रुमालवाला हजर. रुमाल नवा होता, माणूस तोच. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, टपापाशी थांबला आणि म्हणाला, "अरे, हे कपाट अजून आहे?"

मालकाने मनाला लावून घेतलं, तर पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा दोरे! मालकाने माझ्या खिडकीतून आत बघितलं. आई ताठ बसली होती, अंबाडा नीट, टपाखाली अजून चार बोटं मोकळी.

"कपाटच आहे," मालक म्हणाला. "घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आम्ही यात ठेवतो."

"वस्तू कोणाला म्हणतोस रे?" आई आतून म्हणाली.

त्या दिवशी घरी येताना मालकाने भोंगा इतका वाजवला की अर्धं गाव पाणी शोधत होतं.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात कधी काही कापायचं, पाडायचं, बदलायचं ठरलं, तर चहा देऊन जाणाऱ्या माणसाला एकदा आत बसवून बघा. आणि आकड्यापुढे एकक लिहा. बरं, पुरे करते आता. गुरुवार आहे, आई केस नीट करून दारात आलीय, आणि मावशीने फोनवर सांगितलंय की आज ती अजिबात लबाडी करणार नाही.